मोठ्या वाऱ्याची साक्ष

१९ जानेवारी १९०९, मंगळवार

'नो' म्हणाली! साहेबाच्या तोंडावर! आईला इंग्रजीचे उणेपुरे दहा शब्द येतात, त्यातला नेमका हाच तिनं आज काढला.

पेन्शनचे साहेब, मिस्टर प्रिचर्ड, सकाळी सायकलवरून आले. मी घर झाडून ठेवलं होतं, चांगली कपबशी काढली होती, आईला धुतलेला एप्रन बांधला होता. दुभाषी मीच. साहेबांना आमच्या भाषेतलं 'देव भलं करो' एवढंच येतं, तेही नाकातून. नाव विचारलं. सबीना किलगॅलन. नवरा? मयत. जन्माचा दाखला? नाही. चर्चमधली नोंद? नाही — आमच्या चर्चच्या वह्याच मुळी अठराशे पन्नासच्या पुढच्या. मग त्यांनी पेन शाईत बुडवलं आणि तो प्रश्न विचारला. गेले तीन महिने ते या परगण्यात दुसरं काही विचारतच नाहीत. एकोणचाळीस सालचा मोठा वारा आठवतो का?

मी भाषांतर करायच्या आतच उत्तर आलं.

सत्तरी ओलांडली की आठवड्याला पाच शिलिंग, असा नवा कायदा, डब्लिनपासून आमच्या गावापर्यंत. पण सत्तर वर्षांपूर्वीचे दाखले या देशात आहेत कुणाकडे? म्हणून साहेब लोकांनी वाऱ्याला, त्या रात्रीच्या वादळाला, साक्षीदार केलंय. ज्याला तो वारा आठवतो तो सत्तरीचा. इतकं सोपं! फक्त 'हो' म्हणायचं. पुढचं मी सजवून सांगितलं असतं.

मी सारवासारव केली — म्हातारी आहे, साहेबाला बघून बावरलीय. आई म्हणाली, "बावरले नाही. नो."

साहेबांनी लिहून घेतलं. चहाही अर्धाच प्यायले.

आई पंचाहत्तरीची आहे, मला पक्कं ठाऊक आहे. आणि चार घरं पलीकडची नॅपी लॉफ्टस — बासष्टच्या वर एक दिवस नसेल — तिनं याच साहेबाला अर्धा तास वारा ऐकवला म्हणे. अंगाचा नुसता तिळपापड झालाय माझ्या.

२० जानेवारी

दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही, मीही नाही. दोघींनी एकाच मांजराशी गप्पा मारल्या.

२३ जानेवारी, शनिवार

आज स्पष्ट विचारलं. बटाटे सोलता सोलता विचारलं, म्हणजे तिला उठून जाता येऊ नये. "आई, खरं सांग. आठवतो ना वारा?"

म्हणाली, "साहेबाला नाही आठवत म्हटलं ना. मग तुलाही नाही."

हे काय उत्तर झालं?

तिला आठवतो. मी लहान असल्यापासून बघतेय. पश्चिमेचा वारा वाढला की ती काम टाकून उठते. वाऱ्याकडच्या दाराला पेटी लावते, आडोशाकडचं दार उघडं टाकते, आणि तिथे उभी राहते, शाल गच्च आवळून. हाक मारली तर ऐकत नाही. ज्याला आठवत नाही तो असा उभा राहील का?

इकडे गावात नुसता ऊत आलाय. कालपर्यंत ज्यांना जेवणात काय होतं आठवत नव्हतं, त्यांना सत्तर वर्षांपूर्वीची रात्र लख्ख आठवतेय. मार्टिन रुआन सांगतो, त्या रात्री तो हातात बटाटा धरून स्वतःचा स्वतः खात होता — म्हणजे कडेवरचा नव्हता, हे साहेबाला कळावं. आता पाच जणांच्या हातात तोच बटाटा आलाय. कुणी म्हणतं नदीतले मासे झाडावर सापडले. कुणी म्हणतं टेकडीखालची जादूची माणसं, म्हणजे ज्यांचं नाव घ्यायचं नाही ती, त्या रात्री देश सोडून गेली आणि जाताना हा वारा झाला. नॅपीची गाय उडून शेजाऱ्याच्या कुंपणात पडली. पडताना दूध देत होती असं अजून तरी म्हणत नाहीय.

मी हसते खरी, पण माझं हसू कोरडं आहे. डावा डोळा दिवसेंदिवस गढुळतोय. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा झालाय, आणि या गावात बायका शिवून घेतात ते काळंच. दादा स्कॉटलंडला गेला तो गेलाच, गेल्या नाताळाला पत्रसुद्धा नाही. माझं शिवणाचं मशीन थांबलं की आम्ही दोघी कुठे जाणार? शहरातल्या गरीबखान्यात. तिथे बायकांचे दोन वाडे आहेत, म्हाताऱ्या एकीकडे आणि कामाच्या दुसरीकडे. तिला माझ्यापासून वेगळं ठेवतील. हे मी तिला आज सांगितलं. चांगलं स्पष्ट सांगितलं.

तिनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला. म्हणाली, "मग जाऊ."

मीही तिचीच मुलगी आहे. हे पाच शिलिंग मिळवून दिले नाहीत तर नावाची विनी नाही!

४ फेब्रुवारी, गुरुवार

पेन्शनच्या समितीपुढे गेलो. गाढवाच्या गाडीतून, पावसात, सात मैल. कोर्टाच्या मागच्या खोलीत आठ पुरुष बसले होते. दोन दुकानदार, तीन बडे शेतकरी, एक फादर, आणि बाकीचे दोघं कोण ते त्यांनाच ठाऊक. मिस्टर प्रिचर्ड कोपऱ्यात कागद घेऊन.

अध्यक्ष चांगले वागले, खोटं कशाला बोला. आईला शेकोटीजवळ खुर्ची दिली. म्हणाले, आजीबाई, दाखला नसला तरी चालेल, त्या रात्रीचं काहीही एक सांगा. एक गोष्ट. कुणाचं छप्पर उडालं, कुठे आग लागली. अगदी फादरसुद्धा म्हणाले — सबीना, आठवून बघ, देवाला आवडेल.

आई सगळ्यांकडे एकेक करून बघत होती. मग आमच्या भाषेत म्हणाली, आणि मला म्हणाली, याचं इंग्रजी कर, जसंच्या तसं: "त्या रात्री जे झालं ते माझं आहे. ते मी विकायला काढलेलं नाही."

मी केलं. जसंच्या तसं.

एक शेतकरी हसला. म्हणाला, बाई विकत नाही म्हणजे तिच्याकडे माल नसेल. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "या खोलीतून गेल्या तीन महिन्यांत ज्यांना पेन्शन दिलीत, त्यातल्या निम्म्यांनी तो वारा त्यांच्या आईच्या पोटातसुद्धा ऐकला नसेल! खोटं बोलणाऱ्याला पैसे आणि गप्प बसणारीला हसू — हा तुमचा न्याय!" अध्यक्ष म्हणाले, नावं सांगा. नॅपीचं नाव अगदी जिभेवर आलं. गिळलं. आमच्याकडे थाप खपते, चुगली खपत नाही. खबऱ्याचं घर तिसऱ्या पिढीतही खबऱ्याचंच राहतं.

अर्ज नामंजूर. पुरावा नाही.

परत येताना आई म्हणाली, "चांगली बोललीस." मी फार चिडले होते.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

नॅपीच्या हातात पाच शिलिंग पडले. पोस्टातून थेट आमच्याकडे आली — चहाची पुडी आणि साखर घेऊन! दारातच रडली. म्हणाली, विनी, तू काल माझं नाव घेतलं नाहीस, मला कळलं. मग आईचे हात धरून म्हणाली, सबीना, माझी गाय घे की गं, सांग तुझीच होती.

आईनं चहा टाकायला लावला. म्हणाली, "नॅपी, वय वाढलं म्हणून बाई नाचताना मी आज पहिल्यांदा बघितली." आणि दोघी हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला आधी राग आला होता. नॅपीनं तीन मुलगे पुरलेत, आणि उरलेला बोस्टनला जाऊन लग्न करून बसलाय. खाऊ दे तिला साखर.

पण माझ्या आईचं काय?

११ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेच्या मिस टाय झग्याचं माप द्यायला आल्या. त्यांच्याकडून एक कळलं. एक्केचाळीस साली सरकारनं घरोघर शिरगणती केली होती. त्याचे कागद डब्लिनला जपून ठेवलेत — घरटी एक कागद, माणसांची नावं, वयं. मिस टायचा भाऊ तिथेच कारकून आहे. आई-बापाचं नाव आणि वाडीचं नाव कळवलं तर तो शोधून उतरवून पाठवेल. त्यावर आईचं वय निघालं की समितीला मान डोलवावीच लागेल. वारा लागणार नाही, गोष्ट लागणार नाही, काही लागणार नाही!

मी आईला जवळजवळ मिठीच मारली. तिच्या बापाचं नाव? थॉमस डर्कन. आईचं? ऑनर. वाडी? डोंगरापलीकडची कारोबेग. तिथे आता घरं नाहीत, मेंढ्या आहेत. चौदा मैल लांब, पण आई कधी गेली नाही तिकडे. ती इथे क्लूनाराला मावशीकडे वाढली, इथेच लग्न झालं.

घरात आणखी कोण होतं, विचारलं.

"फेस्टी," म्हणाली. लगेच म्हणाली, "कुणी नाही."

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. या घरात हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं.

"लिहू नकोस ते पत्र," आई म्हणाली. आणि सबंध संध्याकाळ पाठ करून बसली.

१७ फेब्रुवारी

पत्र लिहून ठेवलंय. टाकलं नाही. घड्याळामागे ठेवलंय, तिला दिसेल असं. ती तिकडे बघत नाही, मीही बघत नाही. कुणाचा हट्ट मोठा ते कळेलच.

२४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

हे आजच लिहायला हवं.

चर्चमधून येत होतो, दोघींच्या कपाळावर राख. चढावर तिला धाप लागली, म्हणून दगडी गडग्यावर बसलो. ऊन होतं, वारा नव्हता. कुत्रं भुंकलं तर खाडीपलीकडून ऐकू येत होतं. ती म्हणाली, "असंच होतं त्या दिवशी. असंच गप्प." मग थांबलीच नाही. मी एकदाही मध्ये बोलले नाही. मला वाटलं, बोलले तर ती थांबेल आणि पुन्हा कधी बोलणार नाही.

सहा जानेवारी. बायकांचा नाताळ. दिवसभर हवा इतकी निपचित, की पलीकडच्या वाडीतली माणसं काय बोलतात ते कळत होतं. संध्याकाळी तिच्या बापानं, म्हणजे माझ्या आजोबांनी, चाळणीत ओट भरले आणि त्यात चार दिवे रोवले — लव्हाळ्याच्या काड्या, चरबीत बुडवलेल्या. घरातल्या प्रत्येकाच्या समोर एक. आजोबा, आजी, आई, फेस्टी. ज्याचा दिवा आधी विझेल तो आधी जाणार. त्या वेळी सगळीच घरं हे करायची, आणि त्यावर हसायची सुद्धा.

आई पाच वर्षांची. तिचा धाकटा भाऊ फेस्टी तीनचा, तिच्या शेजारी बसलेला. तिच्या समोरची काडी वाकडी होती, भराभर जळत होती. आजोबा दाराची कडी बघायला उठले, आजी चुलीकडे वळली. आणि आईनं चाळण थोडी फिरवली. फक्त एका दिव्याएवढी. वाकडी काडी फेस्टीच्या समोर आली.

ती विझली तेव्हा सगळ्यांनी फेस्टीकडे बघितलं. आजीनं क्रुसाची खूण केली. फेस्टी टाळ्या वाजवत होता, कारण आपलाच पहिला!

मग वारा आला.

त्याचं तिनं फार सांगितलं नाही. छप्पर एकदम गेलं, म्हणाली, वर चांदणं दिसलं. चुलीतले निखारे उडाले. एक वासा खाली आला. आजोबांनी तिला काखेत धरून बांधाच्या आडोशाला नेऊन टाकलं. आजी मागून आली, फेस्टीला शालीत गुंडाळून. त्याच्या डोक्यातून रक्त येत होतं आणि तो रडत नव्हता. तो रडत नव्हता, हे तिनं मला तीनदा सांगितलं.

उजाडल्यावर मामा आला आणि तिला घोड्यावर घालून इथे मावशीकडे घेऊन आला. घराला छप्पर नव्हतं, दुसरं काय करणार? फेस्टीला तिनं पुन्हा बघितलं नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात आजी तिला न्यायला आली. आई तिला रस्त्यावर बघूनच पळाली आणि समुद्राकाठी उलट्या होडीखाली लपली. अंधार पडेपर्यंत आजी हाका मारत होती. दुसऱ्या दिवशी परत गेली. मावशीला मूल नव्हतं, तिनं फार जोर केला नाही. मग एक दिवस मावशीनं तिला मांडीवर घेऊन सांगितलं — फेस्टी देवाघरी गेला गं. आई म्हणाली, माहीत आहे मला. मावशी तिच्याकडे बघतच राहिली. मग ते नाव या घरात कुणी काढलं नाही. सत्तेचाळीसच्या दुष्काळात कारोबेगची सगळीच माणसं गेली, आजी-आजोबाही. विचारायला कुणी उरलंच नाही.

"आता सांग," आई मला म्हणाली, "हे त्या सायकलवाल्याला सांगू? याचे पाच शिलिंग घेऊ? फेस्टीचे?"

मी तिचा हात धरून घरी आले. मी तिला पोपटासारखी गोष्ट पढवायला निघाले होते! मला माझीच लाज वाटते.

२५ फेब्रुवारी

आमच्या घरात बायकांच्या नाताळाला चाळण कधी का निघाली नाही ते आज कळतंय. लहानपणी मी त्यासाठी भोकाड पसरायची. इतर सगळ्यांकडे दिवे, आमच्याकडेच नाहीत.

२७ फेब्रुवारी, शनिवार

आज भांडले तिच्याशी. हो, भांडले. रडून झालं होतं माझं.

म्हटलं, काडीनं माणूस मरत नाही. वासा पडला म्हणून मेला. वासा पाच वर्षांच्या पोरीनं पाडला नाही, देवानं पाडला, त्याला विचार जाब! ती म्हणाली, तुला काय ठाऊक. मी म्हटलं, मला हे ठाऊक आहे की तू सत्तर वर्षं शिक्षा भोगलीस. खून करणाऱ्यालासुद्धा राणी वीस वर्षांत सोडायची. तेव्हा ती जरा हसली. ओठ हलले, एवढंच, पण हसली.

मग मी म्हटलं, गोष्ट सांगू नकोस. एकही शब्द सांगू नकोस कुणाला. ती तुझी आहे. पण तुझं वय तुझं आहे ना? तू जन्माला आलीस, थॉमस डर्कनची मुलगी म्हणून जगलीस, ते कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे. ते मागायला कसली लाज? फेस्टीचं काहीच त्यात येणार नाही. शिरगणतीच्या आधी दोन वर्षं तो गेला होता.

ती चुलीकडे वळली. मग म्हणाली, "त्याचंही नाव लिही पत्रात. फेस्टस. नीट लिही. कुणीतरी एकदा तरी लिहू दे त्याचं नाव."

तिच्यासमोर लिहिलं. पाच मिनिटांत पोस्टात नेऊन टाकलं, मत बदलायच्या आत.

१२ मार्च, शुक्रवार

पुलावर मिस्टर प्रिचर्ड भेटले, सायकलचं चाक पंक्चर. मी मान फिरवून जाणार होते, त्यांनीच टोपी काढली. म्हणाले, मिस किलगॅलन, मी या परगण्यात दोनशे चौदा माणसांना वारा विचारला. दोनशे तेरा जणांना आठवत होता. मला वाटतं, खरा आठवतो तो तुमच्या आईलाच.

मी म्हटलं, "मग लिहा ना तसं!"

म्हणाले, त्याला रकाना नाही.

मी म्हटलं, रकाना नसेल तर आम्ही डब्लिनचा कागद आणू. घाबरता की काय त्या आठ जणांना? त्यांनी टोपी पुन्हा घातली. पण चाक ढकलत निम्म्या वाटेपर्यंत माझ्याबरोबर आले आणि डब्लिनच्या कागदावर शिक्का कुठे असायला हवा, तो नसला तर समिती कशी नाकारेल, सगळं समजावून सांगितलं. माणूस वाईट नाही. आमच्या भाषेत 'देव भलं करो' म्हणाले जाताना. मी दुरुस्त केलं, तर पुन्हा म्हणाले, या वेळी नाकातून नाही.

२० मार्च

आई बदललीय. बियाण्याचे बटाटे कापताना गुणगुणत होती. आणि फेस्टीबद्दल बोलते! एकेक, मध्येच. त्याला भात्यातला वारा तोंडावर घ्यायला आवडायचा. तो कोंबडीला 'आजी' म्हणायचा. सबीना म्हणता यायचं नाही, 'बीना' म्हणायचा. सांगून झालं की घाईनं कामाला लागते.

मी तिला म्हटलं, पेन्शन आली की पहिल्या शुक्रवारी त्याच्या नावानं चर्चमध्ये प्रार्थना करवू, फादरना पैसे देऊ. म्हणाली, फादरला कशाला, तो समितीत बसून हसला. मी म्हटलं, हसला तो शेतकरी. म्हणाली, फादरनं थांबवलं नाही, तेच ते. आपण आपलीच करू.

२५ मार्च

नॅपी म्हणते, पेन्शन मिळाल्यापासून तिला खरंच मोठा वारा आठवायला लागलाय. गायीचं नावसुद्धा.

३० मार्च, मंगळवार

कागद आला. शिक्क्यासकट. मिस टायच्या भावानं सबंध उतरवलाय, एक ओळ गाळली नाही.

थॉमस डर्कन. ऑनर, बायको. घराबाहेर राहणारी: सबीना, मुलगी, वय सात. म्हणजे आई पंचाहत्तरीची. समिती आता काय बोलते बघू.

खाली आणखी एक रकाना, गेल्या दहा वर्षांत घरात मेलेल्यांचा. त्यात एकच नाव. फेस्टस, मुलगा, वय चार. गोवर. सन १८४०, वसंत.

मी तीनदा वाचलं. मोठा वारा एकोणचाळीसच्या जानेवारीतला. मग तिलाही तीनदा वाचून दाखवलं.

आईला वाचता येत नाही. तिनं कागद मागून घेतला, ती ओळ कुठली ते विचारलं आणि तिच्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "म्हणजे माझी आई मला न्यायला आली, तेव्हा तो घरी होता."